सेकंडचा माल

वेणू तिसरी बाटली उघडायला लागला
तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.
अक्कलकोट रोडवर डांबर मऊ झालेलं.
मी म्हटलं, आत्ता नको.
एवढ्या उन्हात कुठलाही वास ओरडतो.
संध्याकाळी बघू.

पुण्यात या बाटलीला सात हजार देतात म्हणे लोक.
शाईच्या दौतीहून लहान बाटली,
वर लिहिलंय मोगरा, खाली बारीक अक्षरात सोलापूर.
म्हणून आलाय.
आत्या, तू सांग, हे सोलापूर आहे का?

मी सत्तावीस वर्षं टॉवेल तपासले.
फोल्डिंग खात्यात, ट्यूबलाइटखाली,
तुटका धागा, सुटलेला फास, तेलाचा डाग.
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागून.
हातात निळा खडू.
फुली मारली की माल सेकंडला.
अत्तराचं मला काय विचारतोस?
नाकात आयुष्यभर कापसाची धूळ.

तरी सांगते.
पहिल्या बाटलीत सगळं वरवरचं होतं.
चकचकीत, गोड, जरा लिंबाची फोड.
दहा मिनिटं दिवाळी,
मग मनगटाला घासलेल्या स्टीलच्या ताटाचा वास.
खळ घातलेला माल असाच,
दुकानात कडक, पहिल्या धुण्यात पोतेरं.

दुसरीत मोगरा होता. नाही म्हणत नाही.
पण दात घासून, भांग पाडून आलेला मोगरा.
मधल्या मारुतीपाशी मल्लव्वा बसते ना,
ओल्या फडक्याखाली गजरे घेऊन,
तिच्याकडे रात्री नऊ वाजता जा.
उरलेले दोन ती पाच रुपयांत देते.
पाकळ्यांच्या कडांना चहाचा रंग चढलेला असतो.
तेव्हा हुंग.
गोडाच्या खाली काहीतरी जनावरासारखं,
घामेजल्या मानेसारखं,
लग्नघरात दुसऱ्या दिवशी
गादीखाली सापडलेल्या वेणीसारखं.
आई त्याला मल्ले म्हणायची.
मोगरा म्हटलं की ते निम्मं गळून जातं.

वेणू म्हणाला, त्या वासाला रसायनात नाव आहे.
मी काढून टाकला तो.
गिऱ्हाइकं म्हणतात, काहीतरी कुजल्यासारखं येतं.

काढलास, मी म्हटलं,
आणि वर सोलापूर लिहिलंस.

तो गप्प बसला. भाकरीबरोबर शेंगाचटणी खाल्ली,
मी हात धुवायला लावले, दोनदा.
मग तिसरी बाटली.
यात अर्धा थेंब परत घातलाय, म्हणाला,
भीत भीत.

लगेच काही बोलायचं नसतं.
कापड अंगावर पडल्याशिवाय बोलत नाही.
एक थेंब मी मनगटावर घेतला,
एक जुन्या टॉवेलच्या तुकड्यावर, आणि झोपले.

पहाटे पाचला नळ आला, पाचव्या दिवशी.
पिंप, घागरी, बादल्या, कळशीसुद्धा.
शेजारच्या पद्माचे माग सुरू झाले, खटाखट.
अत्तराचं मी पार विसरले होते.
पदराने कपाळ पुसायला हात वर नेला
आणि थांबले.

फूल गेलं होतं. गोडवा गेला होता.
राहिलं होतं ते मनगटाच्या शिरेजवळ,
ऊबदार, किंचित आंबलेलं,
कुणीतरी इथे रात्रभर झोपून
नुकतंच उठून गेल्यासारखं.
नळ वाहत राहिला.
बादली भरून सांडली, मी पाहत होते.

टॉवेलचा तुकडा उलटा करून हुंगला.
मागच्या बाजूलाही तेच. म्हणजे आरपार होतं.

वेणू उठला तेव्हा बाटलीचा खोका टेबलावर ठेवला होता.
निळा खडू अजून आहे माझ्याकडे, शिवणाच्या डब्यात.
खोक्यावरची फुली बघून त्याचं तोंड उतरलं.
नापास?

सेकंड, मी म्हटलं.
कारखान्यात सेकंडचा माल आम्हाला निम्म्या भावात मिळायचा.
चांगला माल परदेशी जायचा.
आपल्या घरात जन्मभर तेच टॉवेल होते, वेणू.
तुला पहिल्या आंघोळीनंतर
त्यातल्याच एकात गुंडाळलं होतं,
एका कोपऱ्यात फास सुटलेला.

चहा ठेवते. नळ बंद कर.